अनुभवी माणसांनी छापलेला तुकडा

नवरा रिटायर होणार म्हटल्यावर मला सगळ्या मैत्रिणींनी सावध केलं होतं. दिवसभर घरात बसेल, फोडणीत मोहरी किती घालायची ते सांगेल, दुपारी झोपू देणार नाही. त्यातलं काहीच झालं नाही. झालं ते असं, की भोपाळच्या शाहपुऱ्यातल्या आमच्या घराची पुढची खोली त्याने ताब्यात घेतली, आपल्यासारखेच दोन रिटायर लोक गोळा केले आणि तिघांनी मिळून थ्री-डी प्रिंटिंगचा धंदा काढला. दारावर पाटी लागली. पाटीवर हिंदीत लिहिलं होतं, ‘अनुभवी विशेषज्ञों की टीम’. ती पाटी पुसायचं काम माझ्याकडे आलं.

अनुभव होता, नाही असं नाही. नवऱ्याने सगळी नोकरी इथल्या सरकारी कारखान्याच्या पॅटर्न शॉपमध्ये काढली. ओतकाम करायच्या आधी लाकडाचा हुबेहूब नमुना करतात, तो करणारा हा माणूस. दुसरे भाऊजी. म्हणजे नात्याने कुणी नाहीत, पण नवऱ्याचे दोस्त म्हणून भाऊजी. मूळचे नागपूरचे, त्याच कारखान्यात तपासणी खात्यात होते. आलेला प्रत्येक माल मापून त्यात खोट काढणं हेच त्यांचं पोटापाण्याचं काम, आणि रिटायर झाल्यावरही ते सुटलेलं नाही. माझ्या पोळीचासुद्धा काठ ते बोटाने चाचपून बघतात. तिसऱ्या म्हणजे पॉलिटेक्निकमधल्या ड्रॉइंगच्या बाई. पुण्याच्या, शुद्ध बोलणाऱ्या, आता कॉम्प्युटरवर चित्रं काढतात. त्यांना सगळे बाईच म्हणतात, मीसुद्धा.

त्यांचं मशीन म्हणजे एक काचेची पेटी. तिच्यात प्लॅस्टिकची तार वितळते आणि थरावर थर चढत वस्तू तयार होते. याला हे लोक ‘छापणं’ म्हणतात. आज काय छापताय, असं मी लग्नपत्रिकेबद्दल विचारावं तसं विचारते. ती तार हवेतली ओल ओढते म्हणून माझा तांदळाचा घट्ट झाकणाचा मोठा डबा गेला. आमचे तांदूळ तेव्हापासून पिशवीत असतात आणि तारेची रिळं डब्यात. तक्रार केली तर नवरा म्हणाला, “अगं, तांदळाला काय होतंय?” पोरकिडे होतात, ते होतंय.

आता माझ्या मशीनबद्दल सांगते, कारण ही सगळी हकीकत त्याच्यावरून आहे.

माझ्याकडे स्वेटर विणायचं मशीन आहे. लांबलचक, टेबलाला क्लॅम्पने आवळून बसवायचं, सुयांची रांग असलेलं. त्या रांगेवरून डावीकडून उजवीकडे एक जड ठोकळा सरकवायचा, त्याला कॅरेज म्हणतात. कॅरेज गेली की एक ओळ विणून होते. आम्ही तुलसी नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये माझ्या थोरल्या दिरांकडे राहत होतो तेव्हा तिथे दर दोन घरांआड हे मशीन असायचं. बायका दुपारी स्वेटर विणायच्या आणि खर्र-खर्र आवाज गल्लीभर यायचा. मग बाजारात तयार स्वेटर आले, एकेकीने मशीन पलंगाखाली ढकललं, मग भंगारात घातलं. माझं राहिलं. राहिलं ते एका शाळेमुळे.

मुलींची शाळा आहे, लहानशी, हिंदी माध्यमाची. दरवर्षी गणपती उठले की मी टेप घेऊन तिथे जाते आणि एकेका मुलीला उभी करून मापं घेते. कुणाचे हात लांब, कुणी वर्षभरात एकदम उंच झालेली, कुणाला गळा टोचतो. वरच्या वर्गातल्या मुली मला ‘स्वेटरवाली आंटी’ म्हणतात. या गावात मी याची बायको म्हणून ओळखली जाते, त्याची वहिनी म्हणून, अमुकची आई म्हणून. माझं म्हणून जे एक नाव मिळालं ते हे. दुसरी सगळी कामं हळूहळू सुटली होती, ही एकच शाळा उरली होती, आणि मला ती हवी होती. फार हवी होती. हे मी आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे मी चिडले तर एका प्लॅस्टिकच्या तुकड्यासाठी बाई किती चिडते असं कुणाला वाटायला नको.

मापं घेऊन झाली होती. लोकर आली होती, गडद निळी. आणि नवऱ्याला माझ्यावर उपकार करायची हुक्की आली. “तुझी कॅरेज फार जाम चालते, साफ करून देतो,” म्हणाला. मी नको म्हटलं. तो छापलेल्या वस्तूंवरचे चरे गुळगुळीत करायला अ‍ॅसिटोन वापरतो, म्हणजे बायका नेलपॉलिश काढायला वापरतात ते. त्याच्या खोलीत त्याची बाटली कायम हाताशी. मी मंडईत गेले होते, तेवढ्यात त्याने कॅरेज उलटी करून तिच्या पोटात तेच चोळलं. वर्षानुवर्षांचा मळ निघाला म्हणे. मळ निघाला, आणि सुयांना मागे-पुढे ढकलणारा जो प्लॅस्टिकचा तुकडा असतो तो आधी चिकट झाला आणि मी पहिली ओळ ओढल्याबरोबर तडकला. साध्या माणसाने ओल्या फडक्याने पुसलं असतं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे.

मी रडले. रागाने रडले. तो तुकडा कुठे मिळत नाही, ते मशीन बनवणारेच आता ते बनवत नाहीत, आणि दुरुस्त करणारे जे एक गृहस्थ बिट्टन मार्केटजवळ बसायचे त्यांनी दुकान बंद करून बरीच वर्षं झाली. नवरा मात्र एवढ्याशाने विचलित झाला नाही. उलट त्याचे डोळे चमकले.

“टेन्शन कशाला घेतेस? आपण छापू ना,” तो म्हणाला. “आपलं कामच ते आहे. परवापर्यंत देतो.”

भाऊजींनी तुटके भाग हातात घेऊन व्हर्नियरने मापले. “वहिनी, काही अवघड नाही. एवढंसं तर आहे, होऊन जाईल.” बाईंनीही मापले, कारण भाऊजींच्या मापावर त्यांचा विश्वास नाही. नवऱ्याने मापले, कारण त्याचा दोघांवरही नाही. मग चहा झाला. त्या चहाला तिघं इतके खूश होते, की मला वाटलं यांना माझं मशीन मोडल्याचा आनंदच झालाय.

म्हटल्याप्रमाणे दोन दिवसांनी तुकडा आला. काळाभोर, सुबक, सगळ्यांनी उजेडात धरून बघितला. बसला नाही. कॅरेजच्या खाचेत शिरेचना, इतका मोठा.

“श्रिंकेज,” नवरा म्हणाला.

“फिनिशिंग,” भाऊजी म्हणाले.

“मूळ मापच संशयास्पद होतं,” बाई म्हणाल्या.

दुसरा तुकडा आला. तो खाचेत पडला आणि आत खुळखुळायला लागला. तिसरा पुन्हा मोठा. चौथा एका बाजूने मोठा आणि दुसऱ्या बाजूने सैल, ते त्यांना कसं जमलं देव जाणे. माझ्या खिडकीत तुकड्यांची रांग लागली. पुढच्या खोलीत त्याच दिवसांत दुसरी कामंही चालू होती. दाताच्या डॉक्टरांसाठी जबड्याचा नमुना झाला, कुणाच्या तरी पंख्याची पाती झाली, एका वास्तुविशारदाला इमारत करून दिली खिडक्यांसकट. सगळं वेळेवर आणि बिनबोभाट. कारण तिथे गिऱ्हाईक मापाचा कागद आणून देतं आणि सांगतं, एवढंच करा. माझ्या तुकड्याला कागद नव्हता. तिथे तिघांचा अनुभव मोकाट सुटला होता.

मला यातलं काही कळत नाही आणि कळवूनही घ्यायचं नाही. पण तिघंही चहाचं निमित्त करून स्वयंपाकघरात येतात, आणि स्वयंपाकघरात आलेला माणूस बोलतो.

आधी नवरा आला. “तुला म्हणून सांगतो, प्लॅस्टिक थंड झालं की आकसतं. बाईंना ओतकामाचा अनुभव नाही, त्यांच्या लक्षात येणार नाही. मी त्यांच्या चित्राची फाईल जरा वाढवून घेतो. त्यांना नको सांगू, वाईट वाटेल.”

दुसऱ्या दिवशी बाई कप ठेवायला आल्या. आवाज खाली करून म्हणाल्या, “तुमचा जुना तुकडा झिजलेला आहे हो. जसाच्या तसा काढला तर नवीनही झिजलेलाच होईल. मी चित्रातच थोडा मोठा काढलाय. या दोघांशी वाद नको, म्हणून बोलले नाही.”

आणि भाऊजी तर भजी तळत असताना माझ्या शेजारी उभे राहून म्हणाले, “वहिनी, घासायला माल तर पाहिजे की नाही? हे लोक नेमक्या मापाचं काढून देतात, मग मी घासू काय? मशीनवर चढवताना मीच जरासं वाढवून टाकतो. साहेबांना बोलू नका.”

म्हणजे तिघांनी वाढवलं. मग मोठा झाला तेव्हा प्रत्येकाला मनातून वाटलं की आपणच मापात दिलेली सूट जास्त झाली, आणि प्रत्येकाने गुपचूप कमी केलं. मग सैल झाला. तेव्हा प्रत्येकाने पुन्हा गुपचूप वाढवलं. एकमेकांचा मान राखण्यासाठी हे तीन अनुभवी लोक एकमेकांची चूक एकमेकांना न सांगता परस्पर दुरुस्त करत होते. तीन तिघाडा काम बिघाडा ही म्हण कुणी केली त्याला मी आमच्या पुढच्या खोलीत आणून बसवलं असतं.

मी गॅस बंद केला, भज्यांची परात घेऊन पुढच्या खोलीत गेले आणि सगळं सांगून टाकलं. कोण काय वाढवतं, कोण कुणाला सांगू नका म्हणतं, सगळं. मला वाटलं आता तरी सुटलं. हसतील, टाळ्या देतील आणि संध्याकाळपर्यंत तुकडा करून देतील.

बाईंचा चेहरा पडला. “माझं ड्रॉइंग तुम्ही दोघं बदलत होता?” त्या म्हणाल्या. “मला न विचारता?”

“बदलत नव्हतो, आकसेल म्हणून फक्त अलाउन्स देत होतो,” नवरा म्हणाला.

“साहेब, तुमच्या अलाउन्सच्या वर मी देऊन राहिलो होतो ना,” भाऊजी म्हणाले. “मले वाटलं, तुम्ही देतच नाही.”

“चाळीस वर्षं पॅटर्न शॉपमध्ये काढली आणि मी अलाउन्स देणार नाही?”

झालं. भजी गार झाली. त्यानंतर सूट द्यायचा अधिकार कुणाचा, यावर जे सुरू झालं ते आठवडाभर पुरलं. बाईंचं म्हणणं, जो चित्र काढतो त्याचा. नवऱ्याचं म्हणणं, जो छापतो त्याचा. भाऊजींचं, जो शेवटी पास करतो त्याचा. बाई एक दिवस आल्याच नाहीत. नवरा त्यांना फोन करेना, म्हणाला त्यांनी करावा. मी केला. बाई आल्या आणि मग त्यांनी तिघांनी मिळून एक पद्धत ठरवायला घेतली. आधी नुसत्या चौकटी छापायच्या, त्या किती आकसतात ते बघायचं, मग प्लॅस्टिक बदलून तेच, मग मशीनच्या पेटीतली उष्णता बदलून तेच. माझा तुकडा बाजूला राहिला आणि खिडकीत चौकटी जमायला लागल्या.

“अहो,” मी म्हटलं, “मला दिवाळीनंतर लगेच स्वेटर द्यायचेत. शाळेतून विचारणा होतेय.”

“बेस पक्का झाला की तुकडा एका झटक्यात होईल,” तो म्हणाला. “घाईचं काम मला आवडत नाही.”

घाईचं! मी त्याच्या हातातली चौकट काढून घेतली आणि खिडकीबाहेर भिरकावली. तो शांतपणे बागेत गेला, ती शोधून आणली आणि तुटली नाही म्हणून भाऊजींना दाखवली. अशा माणसाशी भांडायचं तरी कसं?

थंडी यायची तेव्हा आली. भोपाळची थंडी तलावावरून येते, सकाळी गच्चीवर गेलं की कळतं. शाळेच्या प्राचार्यांचा एक फोन आला, मग दुसरा. मी दोन्ही वेळा सांगितलं, पुर्जा बन रहा है, बस आज-कल में. घरातच बनवणारे आहेत, तज्ज्ञ आहेत, असंही सांगितलं. तिसऱ्या फोनला त्यांचा आवाज फार मऊ होता.

“आंटी जी, बुरा मत मानिएगा. बच्चियाँ ठिठुर रही हैं. कमेटी ने रेडीमेड मँगवा लिए. अगले साल से भी उन्हीं से लेने का तय हुआ है, वो हर साल सप्लाई करेंगे.”

मी म्हटलं, ठीक आहे, तुम्ही योग्य तेच केलंत. आणखी काय म्हणणार? त्या प्राचार्या चुकल्या नव्हत्या. मुलींना थंडी वाजत होती. फोन ठेवला आणि मी निळ्या लोकरीच्या पोत्यावर बसून राहिले. पुढच्या खोलीतून तिघांचा आवाज येत होता, कसल्याशा आकड्यावरून भाऊजी हसत होते.

मी त्यांना सांगितलं नाही. पहिल्या दिवशी रागाने नाही सांगितलं. करा म्हटलं, घासा. वरातीमागून घोडं नाचवा. नंतर सांगण्यासारखं काही उरलंच नाही असं वाटायला लागलं. चहा देत होते, पोहे देत होते, तुकडा कुठवर आला विचारत नव्हते. मी विचारत नाही हे कुणाच्याही लक्षात आलं नाही.

एका सकाळी बिट्टन मार्केटला भाजी घ्यायला गेले होते. समोरून त्या शाळेच्या काही मुली येत होत्या, नव्या स्वेटरमध्ये. मी मटारच्या ढिगापाशी थांबले आणि बघून घेतलं. बाह्या लोंबत असतील, गळे वाकडे असतील, एका धुण्यात विटतील असले असतील, असं मला फार मनापासून वाटत होतं. तसं काही नव्हतं. स्वेटर चांगले होते. अंगाला बसले होते, रंग सारखा होता, आणि मी कधी लावले नाहीत असे खिसे होते. एका मुलीने दोन्ही हात खिशात घातले होते आणि ती खुशीत होती. तिने मला बघून ‘नमस्ते आंटी’ म्हटलं. नुसतं आंटी. मी मटार न घेताच घरी आले.

त्याच आठवड्यात तुकडा बसला.

दुपारची वेळ होती. नवऱ्याने हाक मारली नाही, मला हाताला धरून नेलं. कॅरेज उलटी ठेवलेली, बाई चष्मा कपाळावर चढवून वाकलेल्या, भाऊजी हातात व्हर्नियर घेऊन उभे. तुकडा खाचेत गेला तो असा, की कुणी ढकलल्याचं कळलंसुद्धा नाही. भाऊजींनी नख लावून बघितलं. “पास,” म्हणाले. त्यांच्या तोंडून हा शब्द मी कधी ऐकला नव्हता.

“चालवून बघ,” नवरा म्हणाला.

मी मशीनवर बसले. लोकर ओवली, सुया पुढे घेतल्या, कॅरेज सरकवली. ती इतकी हलकी कधीच चालली नव्हती. नवी होती तेव्हासुद्धा नाही. एक ओळ, दुसरी, तिसरी, निळं कापड खाली उतरायला लागलं, एकही टाका सुटला नाही. मला त्या मशीनचा राग आला. इतकं सुरेख चालायचं होतं तर महिनाभर आधी का नाही, असं मी खरंच मनातल्या मनात त्याला विचारलं, जसं काही त्याचाच दोष होता.

तिघं माझ्याकडे बघत होते. मुलं बक्षिसाच्या दिवशी बघतात तसे.

“आता सगळे स्वेटर व्हायला किती दिवस लागतील?” नवऱ्याने विचारलं. “हवं तर मी दोरे कापून देतो.”

“स्वेटर नकोयत त्यांना,” मी म्हटलं. “शाळेने बाजारातून घेतले. पुढच्या वर्षीपासूनही तिकडूनच घेणार आहेत. काम गेलं.”

“कधी?”

“बरेच दिवस झाले. तुमच्या चौकटी चालल्या होत्या तेव्हा.”

बाईंनी चष्मा खाली घेतला. भाऊजींनी व्हर्नियर डबीत ठेवला. नवऱ्याच्या चेहऱ्याकडे मी बघत राहिले, कारण इतक्या वर्षांनंतरही मला वाटत होतं, की आता हा माझ्या खांद्यावर हात ठेवेल किंवा चुकलं म्हणेल. निदान काम गेलं म्हणजे माझं काय गेलं, एवढं तरी त्याला कळेल. त्याला वाईट वाटलं होतं, ते दिसत होतं. त्याने कॅरेजवरून बोट फिरवलं.

“अगं, मग सांगायचंस ना आम्हाला,” तो शेवटी म्हणाला. “आम्ही उगीच घाई केली. थोडा वेळ मिळाला असता तर याच्याहून बरोबर करता आला असता.”

आणि बाईंनी आणि भाऊजींनी माना डोलावल्या.